चार्ज कोणाकडे होता

रोज सकाळी देवापुढं दिवा लावताना थोरलीचं मागणं एकच असे : सगळ्यांचं भलं कर. ज्येष्ठतेची यादी लागल्यापासून त्या ‘सगळ्यां’तून एकजण वगळली गेली होती. तोंडानं ती तसं कधी म्हणाली नाही. पण वात सारखी करताना मन तेवढ्या जागी अडखळायचं, आणि तिला वाटायचं, देवानं मागणं ऐकलं की नाही कोण जाणे, वगळलेलं मात्र नक्की ऐकलं असणार.

वगळलेली बाई भिंतीपलीकडेच होती. स्वयंपाकघरात मुलाचा डबा भरत, पदर खोचून, गुणगुणत. ती थोरलीची धाकटी जाऊ. घर एक, चूल एक, आणि नोकरीही एकाच ठिकाणी. गावाला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत दोघी केमिस्ट होत्या.

थोरली तिथं आधी लागली. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “एक सून नोकरीला जाते तेवढी पुरे.” थोरलीनंच त्यांची समजूत घातली, धाकटीला परीक्षेला बसवलं, नेमणूक झाल्यावर पहिल्या दिवशी हात धरून आत नेलं. नदीचं पाणी भांड्यांत घेऊन प्रत्येक भांड्यात वेगळ्या मापानं तुरटी घालायची, यंत्रावर घुसळायचं, गाळ कुठल्या भांड्यात नीट खाली बसतो ते बघायचं आणि तेवढी तुरटी सगळ्या गावाच्या पाण्याला लावायची, हेही तिनंच शिकवलं. धाकटीचा हात पटकन बसला. नाक तर असं निघालं, की नळाखाली नुसता पेला धरून ती सांगायची, “ताई, नदी बदलतेय.” आणि नदी बदललेली असायची.

थोरलीला तेव्हा कौतुक वाटायचं. कौतुकाचं दही कधी लागलं आणि ते कधी आंबलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग सासूबाईंचं एक अंग गेलं. सकाळ-रात्र घरात कुणीतरी हवं झालं. धाकटीचं मूल लहान होतं, पण शिफ्ट सोडायला तिचं मन घेईना. थोरलीनं अर्ज करून शिफ्ट सोडली आणि भांडाराची तपासणी घेतली. आलेली तुरटी आणि क्लोरीन तपासायचं काम, दहा ते पाचचं. सासूबाईंची कूस तिनं बदलली, धाकटीच्या मुलाला तिनं झोपवलं. पोर तिला ‘मोठी आई’ म्हणत तिच्याच कुशीत मोठं झालं. सासूबाई गेल्यावर ती शिफ्टमध्ये परत आली. मधली वर्षं घरासाठी गेली, यात काही वाया गेलं असं तिला वाटलं नव्हतं.

मुख्य केमिस्ट नाना निवृत्त झाले आणि वरून नवा नियम आला : मुख्य केमिस्टच्या जागेसाठी फक्त शिफ्टमधली सेवा मोजायची. यादी लागली. धाकटी वर, थोरली खाली. जागा एकच. पुन्हा ती रिकामी होईल तोवर थोरली घरी बसून नातवंडांची नाकं पुसत असणार होती.

“हरकत घे,” थोरलीचा नवरा म्हणाला. “नियमात बसत नसेल तरी घे. साहेब सुनावणी घेतील, बोलून तरी मोकळी होशील.”

“आणि तुमचा भाऊ काय म्हणेल?”

“तो काय म्हणणार? घरात एक मुख्य केमिस्ट येणारच आहे. फक्त माझ्या खोलीत झोपणार की त्याच्या, एवढाच प्रश्न.”

“हसू नका मेलं प्रत्येक गोष्टीला.”

तिनं हरकत घेतली. त्या दिवसापासून घरात आवाज कुणाचाच चढला नाही. पण ‘अगं’चं ‘अहो’ झालं. थोरली धाकटीला एकेरीनंच हाक मारत आली होती. आता ती म्हणू लागली, “मॅडम, तुमचं दूध उतू जातंय.”

“ताई, असं काय हो बोलता?”

“का बाई? सवय नको करायला? उद्या साहेबांपुढं चुकून एकेरी तोंडात आलं म्हणजे?”

धाकटी गॅस बंद करायची आणि निमूट ओटा पुसायची. तिचं ते निमूटपण तर थोरलीला अगदी सहन होईना. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्या माणसानं निदान फणा तरी काढावा!

केंद्रावर तर रोज नवं काहीतरी टोचायचं. ऑर्डर अजून निघायची होती, तरी वॉचमन धाकटीला बघून खुर्चीतून अर्धा उठायचा. थोरलीला बघूनही उठायचा तो, पण तिला वाटे, आपल्यासाठी कमी उठतो. धाकटीचा एप्रन पांढराशुभ्र. तो आपणच घरी आपल्या एप्रनबरोबर भिजवतो, एकाच साबणानं, मग तिचाच कसा उजळ दिसतो? तुरटीच्या टाकीवरचा ऑपरेटर, ज्याला सगळे मामा म्हणत, तो पहिल्यांदा कुणाला नमस्कार करतो, यावर तिचं बारीक लक्ष असे. मामाच्या ते ध्यानात आलं, तेव्हापासून तो दोघी समोर असल्या की छताकडे बघून नमस्कार करायचा.

त्या प्रयोगशाळेत नानांनी लावलेली एक रीत होती. शिफ्ट बदलताना जाणाऱ्यानं शुद्ध पाण्याच्या नळावर दोन पेले भरायचे. एक आपण प्यायचा, एक येणाऱ्याला द्यायचा. “गावाला पाजता ते आधी स्वतः प्या,” नाना म्हणायचे. येणाऱ्यानं पेला रिकामा केला की चार्ज त्याचा. रजिस्टरातली सही नंतर, सावकाश. पेला प्यायल्याशिवाय जाणारा हलायचा नाही आणि येणारा कशाला हात लावायचा नाही. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण नानांच्या साऱ्या कारकिर्दीत ते कधी चुकलं नाही.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. धाकटीची सकाळची शिफ्ट संपत होती, थोरलीची दुपारची सुरू होणार होती. थोरली आली, पिशवी खुंटीला अडकवली, एप्रन चढवला. धाकटीनं दोन पेले भरले. स्वतःचा प्यायली, दुसरा पुढं केला.

“घ्या ताई.”

थोरलीनं पेल्याकडे पाहिलं. रोजचाच पेला, रोजचंच पाणी. पण तो हात! बांगडी मागं सारून पुढं केलेला तो हात तिला देणाऱ्याचा वाटला. वरच्यानं खालच्याला द्यावं तसा. अजून ऑर्डर नाही तर हा थाट.

“ठेवा तिथं,” ती म्हणाली. “तहान नाही मला.”

“तहानेचा काय प्रश्न ताई, चार्ज—”

“नाही म्हटलं ना.”

धाकटीनं पेला टेबलावर ठेवला. मग पिशवीला हात न लावता स्टुलावर जाऊन बसली आणि पिपेटच्या काचेच्या नळ्या पुसायला लागली. स्वच्छच होत्या त्या.

“घरी नाही जायचं?” थोरलीनं विचारलं.

“चार्ज सुटला नाही तर जाऊ कशी?”

“बसा मग.”

“बसलेच आहे.”

थोरली खुर्चीवर बसली. टेबलावरचे कागद उजवीकडचे डावीकडे केले, डावीकडचे उजवीकडे. घुसळण्याचं यंत्र बंद होतं. दुपारच्या पाण्याची तपासणी करायची वेळ झाली होती, ती टळूनही गेली. पेला मध्ये तसाच. एका खोलीत दोन केमिस्ट, आणि गाव कुणाच्याच हाती नाही.

मामा दारात आला.

“बाई, वरच्या धरणाचे दरवाजे सोडलेत वाटतं. पाणी गढूळ यायला लागलंय. तुरटी वाढवू का? किती वाढवू?”

“त्यांना विचारा,” थोरली म्हणाली. “चार्ज त्यांचा आहे.”

मामानं मान वळवली. धाकटी पिपेटीतून उजेडाकडे बघत म्हणाली, “शिफ्ट ताईंची सुरू झालीय मामा. मी हात लावला तर म्हणतील, आत्ताच मालकीण झाली.”

“मी म्हणेन असं?”

“म्हणालाच असतात.”

मामा कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला. “बरं मग नदीला काय सांगू? दोघींचं ठरेपर्यंत जरा थांब म्हणू?”

तो पाय आपटत गेला. केमिस्टनं आकडा दिल्याशिवाय तुरटीची झडप फिरवायची नाही, हा त्याचा नियम. तोही आपल्या नियमाला घट्ट धरून टाकीपाशी बसला.

थोरलीला वास आला होता. ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा. धाकटीला तर तिच्याआधी आला असणार, त्या नाकाला. मग ती उठत का नाही? एवढं मोठं नाव आहे ना नाकाचं, उठू दे की. आपण उठलो तर अर्थ असा होईल की धाकटीनं दिलेला चार्ज आपण मुकाट्यानं घेतला. ती उठली तर अर्थ असा, की आपण बसलेलो असताना काम तिनं केलं. दोन्हीकडून आपणच खाली. असा हिशेब करत थोरली खुर्चीला चिकटून राहिली. पलीकडे स्टुलावर बहुधा असाच काही हिशेब चालला होता. एरवी इतका वेळ स्वस्थ बसेल अशी ती बाईच नव्हती.

शेवटी दोघी एकदमच उठल्या. काही न बोलता भांडी भरली, तुरटी मोजली, यंत्र सुरू केलं. एकीनं माप सांगितलं, दुसरीनं ओतलं, जशा इतकी वर्षं करत आल्या तशा. आकडा निघाला, मामा धावला. पण तोवर गाळ फिल्टरवर चढून पार पुढं गेला होता. संध्याकाळी गावातल्या नळांना चहाच्या रंगाचं पाणी आलं. कुणी आजारी पडलं नाही, ही देवाची कृपा. पण टाक्या रिकाम्या करून धुवाव्या लागल्या, दोन दिवस गाव कोरडं राहिलं, आणि केंद्राच्या फोनवर लोकांनी असे शब्द वापरले की टेलिफोनवरच्या पोरीनं रिसीव्हर लांब धरून तक्रारी टिपून घेतल्या.

हरकतीची सुनावणी होती त्याच दिवशी साहेबांनी ही चौकशीही घेतली. एका दगडात दोन पक्षी. खोलीत साहेब, दोघी आणि साक्षीला मामा.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला लांबण लावायचं नाही. त्या वेळी चार्ज कोणाकडे होता, एवढंच सांगा. जिच्याकडे होता, तिचं नाव या जागेसाठी मी पुढं पाठवणार नाही. दुसरीचं पाठवीन. हरकत वगैरे मग आपोआप मिटली.”

थोरलीला ती दुपार लख्ख आठवली. तिनं पाणी प्यायलं नव्हतं! आपल्या हातानं तो पेला तिनं नाकारला होता. रीतीनं बघायचं तर चार्ज धाकटीकडेच होता. खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही. ‘मी प्यायले नव्हते’, एवढे तीन शब्द. त्या तीन शब्दांपलीकडे नानांची खुर्ची होती, दारावरची पाटी होती, पूर्ण उठून उभा राहणारा वॉचमन होता.

तिनं तोंड उघडलं.

“चार्ज माझ्याकडे होता साहेब,” धाकटी म्हणाली.

थोरलीचं तोंड उघडंच राहिलं.

“ताईंनी पाणी प्यायलं नव्हतं. आमच्यात पाणी प्यायल्याशिवाय चार्ज जात नाही. म्हणजे तो माझ्याकडेच होता. चूक माझी.”

साहेबांना काही उमगेना. “पाण्याचा आणि चार्जचा काय संबंध?” मग मामानं नानांची रीत सांगितली. साहेबांनी ती ऐकताना दोनदा “बरं, बरं” म्हटलं, आणि धाकटीकडे अशा नजरेनं पाहिलं, की थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली.

त्या नजरेत आदर होता. मामाच्याही होता. आपण होऊन चूक पदरात घेणारी बाई! उद्या सगळ्या केंद्रात हेच बोललं जाणार. खुर्चीवर थोरली बसणार आणि मोठी धाकटी होणार. आयुष्यभर. घरात नवरा म्हणेल, “बघ, किती मनाची मोठी.” पोर म्हणेल, आपली आई किती चांगली. ज्येष्ठता घेतली, खुर्चीवरही हिचंच नाव आधी लागलं, आणि आता ती सोडायची वेळ आली तर सोडण्यातलं मोठेपणही हीच घेऊन चालली. आपल्यासाठी काय ठेवलं हिनं?

“काही नाही तसं साहेब,” थोरली म्हणाली. आवाज तिचा नेहमीसारखाच हळू होता. “चार्ज माझ्याकडे होता.”

“ताई!”

“तुम्ही थांबा. साहेब, शिफ्ट माझी होती. मी आत आले, एप्रन घातला, खुर्चीवर बसले. पाणी प्यायले नाही तो माझा हट्ट. माझ्या हट्टानं रीत मोडली, म्हणून काय चार्ज मोडतो? गावानं कुणाकडे बघायचं? खुर्चीवर बसलेल्या बाईकडे, स्टुलावरच्या नव्हे.”

“मी निघून जायला हवं होतं,” धाकटी म्हणाली, “गेले नाही. म्हणजे मीच धरून बसले होते.”

“कशाला बसल्या होतात? मी जा म्हटलं होतं.”

“तुम्ही ‘बसा’ म्हणाला होतात!”

“ते रागानं म्हटलं होतं. कळत नाही एवढं?”

साहेबांनी टेबलावर हात आपटला. “अहो, काय चाललंय? कालपर्यंत दोघींना वर जायचं होतं, आज दोघींना खाली जायचंय? मामा, तुम्ही सांगा.”

“मी विचारलं होतं साहेब,” मामा म्हणाला. “दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं होतं. आज स्वतःकडे दाखवताहेत. बोटं तेवढीच आहेत.”

साहेबांनी चष्मा चढवला. रीतबीत त्यांना माहीत नव्हती आणि माहीत करून घ्यायचीही नव्हती. शिफ्टच्या तक्त्यावर दुपारी थोरलीचं नाव होतं, आणि थोरली स्वतः कबूल करत होती. त्यांनी तसंच लिहिलं. थोरलीला लेखी ताकीद, हरकत निकाली, धाकटीचं नाव पुढं.

“तुम्हाला काही म्हणायचंय?” त्यांनी थोरलीला विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. तिला खूप काही म्हणायचं होतं. पण ज्या नजरेनं साहेब आता तिच्याकडे बघत होते, ती बिघडवायची तिची तयारी नव्हती.

बाहेर पडल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. घराचा रस्ता एकच, त्यामुळे वेगळं चालायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. थोरली चार पावलं पुढं चालली. धाकटी मागून, मग जरा भरभर, मग बरोबरीनं.

“ताई, का केलंत असं?”

थोरलीनं पावलांचा वेग वाढवला.

“सांगा ना. जागा तुमच्या हातात आली होती. मी दिली होती.”

“तेच,” थोरली थांबलीच. “तेच ते. ‘मी दिली होती.’ मला नकोय तू दिलेलं. साहेब बघत होते तुझ्याकडे, बघितलंस? देवी उतरली असावी जमिनीवर, तसे. मला सहन झालं नाही. तू चांगली ठरू नयेस म्हणून बोलले मी. झालं समाधान? आता जाऊन सांग सगळ्यांना.”

किती दिवसांनी तिच्या तोंडून ‘तू’ निघालं होतं. दोघींच्याही ते लक्षात आलं.

धाकटीनं पिशवी या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली. “मग मी तरी कशासाठी बोलले असं वाटतं तुम्हाला?”

“मन मोठं ना तुझं.”

“डोंबल मोठं. हरकत घेतल्यापासून सगळे मला काय म्हणत होते, ठाऊक आहे? थोरलीनं घरासाठी नोकरी मारली, सासूचं दुखणं काढलं, पोर वाढवलं, आणि ही बया तिच्या डोक्यावर पाय ठेवून वर चालली. माझं पोर तुमच्या कुशीत झोपलं, ताई. ताप आला की अजून ‘मोठी आई’ म्हणून हाक मारतं. मी उशाशी बसलेली असते. सासूबाई गेल्या त्या तुमचा हात धरून. मला वाटलं, एकदा, एकदा तरी मी चांगली ठरेन आणि तुम्ही घेणाऱ्या. तर तेही तुम्ही करू दिलं नाहीत.”

इतकी वर्षं जिच्यावर आपण जळत होतो, तीही तिकडे भिंतीपलीकडे निवांत जळत होती, आणि आपल्याला पत्ता नाही. थोरलीला बरं वाटलं. आणि लगेच, का कोण जाणे, थोडा रागही आला.

“माझं आधीचं आहे पण,” ती म्हणाली.

“काय?”

“जळणं. नियम येण्याच्या कितीतरी आधीचं. तू पहिल्यांदा पेला हुंगून नदी बदलतेय म्हणालीस ना, तेव्हाचं. मी शिकवलेलं होतं सगळं, पण नाक नव्हतं मला तुझ्यासारखं.”

धाकटी म्हणाली, “नाही ताई. माझं त्याच्याही आधीचं.”

“शक्यच नाही. तू आलीसच मागून.”

“मला बघायला आला होतात तेव्हा. तुम्ही कोपऱ्यात बसला होतात. मला काही विचारायचं झालं की सासूबाई आधी तुमच्याकडे बघायच्या. मी मनात म्हटलं, या घरात गेले तर या बाईच्या वर मला कधी जाता यायचं नाही.”

वाटेत एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, म्हणून दोघींना एका बाजूला सरकावं लागलं. थोरलीनं हिशेब करून बघितला. बघायला गेलो तो दिवस आधीचा, हे कबूल करणं भागच होतं.

“म्हणजे इथंही तूच वर,” ती म्हणाली.

“शिफ्टमधलं नाहीये ते,” धाकटी म्हणाली. “मोजलं जाणार नाही.”

थोरलीला हसू आलं. हसायचं नव्हतं तिला. मनातला काटा होता तिथंच होता, उद्या ऑर्डर आली की तो पुन्हा टोचणार, हेही तिला ठाऊक होतं. तिनं पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं आणि पावलं उचलली.

“चल लवकर,” ती म्हणाली. “पोर आलं असेल शाळेतून. दार कोण उघडणार?”

“मी उघडते,” धाकटी म्हणाली, आणि अक्षरशः पळतच पुढं निघाली.

“अगं, किल्ली माझ्याकडे आहे!” थोरली ओरडली, आणि तीही पळू लागली.